बाहेरून आलेली बाळे

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर दीड-दोनच्या सुमारास, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षास आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. त्यांतील सात वाचली, दहा दगावली. तिघांना ज्वाळांनी गाठले आणि सात जण धुराने गुदमरले, अशी माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी दिली. त्यानंतर जे व्हावयाचे ते यथाक्रम झाले. देशभरातून शोक व्यक्त झाला, राज्य शासनाने प्रत्येक कुटुंबास पाच लाख रुपये जाहीर केले, मुख्यमंत्री दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यास येऊन गेले, चौकशी समिती नेमली गेली, अहवाल आला, काहींचे निलंबन झाले, काहींची सेवा समाप्त झाली आणि पुढे दोन परिचारिकांवर फौजदारी गुन्हाही नोंदविला गेला. आग कशी लागली आणि दोषी कोण, या दोन प्रश्नांची चर्चा भरपूर झाली. ती दहा बाळे त्या खोलीत आली कशी, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

अशा कक्षाला दोन खोल्या असतात. याच रुग्णालयात जन्मलेली आजारी किंवा अशक्त बाळे एकीत ठेवतात. तिला इनबॉर्न म्हणतात. जी अन्यत्र जन्मली, किंवा घरी गेल्यावर प्रकृती बिघडल्याने परत आणली गेली, ती दुसरीत. तिला आउटबॉर्न म्हणतात. बाहेरून येणाऱ्या बाळाने संसर्ग आणलेला असण्याचा संभव अधिक, म्हणून ही विभागणी. वैद्यकीयदृष्ट्या ती योग्यच आहे. भंडाऱ्यात वाचलेली सातही बाळे पहिल्या खोलीतील होती आणि गेलेली दहाही दुसऱ्या खोलीतील. आगीने ही निवड केली ती केवळ योगायोगाने, यात शंका नाही. परंतु या योगायोगाने एक वस्तुस्थिती उघड केली. त्या रात्री कक्षात असलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे बाहेरून आलेली होती. जिल्ह्याचा नवजात शिशू कक्ष ही केवळ एक खोली नसते. वीस, चाळीस, साठ किलोमीटरच्या रस्त्याचे ते शेवटचे टोक असते. खोलीची चौकशी झाली. रस्त्याची अद्याप व्हावयाची आहे.

हा रस्ता कागदावर उत्तम आखलेला आहे. २०११ साली केंद्र शासनाने नवजात बाळांच्या रुग्णालयीन सेवेची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार जेथे जेथे बाळंतपण होते तेथे बाळाच्या पहिल्या श्वासाची सोय करणारा एक कोपरा, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर बाळाला स्थिर करणारा छोटा कक्ष आणि जिल्हा रुग्णालयात पूर्ण सज्ज दक्षता कक्ष अशी तीन पायऱ्यांची रचना आहे. अठराशे ग्रॅमहून कमी वजनाचे किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ थेट तिसऱ्या पायरीवर यावे, असा दंडक आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बाळाची वाहतूक, औषधे आणि उपचार शासकीय रुग्णालयात विनामूल्य केले. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका राज्यभर धावू लागल्या. गावात आशा आहे. बाळ घरी आल्यावर सहा वेळा त्याला भेट देणे हे तिचे नेमून दिलेले काम आहे. या मांडणीत उणे काढण्यासारखे फार थोडे आहे.

आता लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील एखाद्या खेड्यात जानेवारीच्या रात्री कमी दिवसांचे एक बाळ जन्मले अशी कल्पना करावी. धानपट्ट्यातील या जिल्ह्यात थंडीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. दीड किलोच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. स्वतःची ऊब स्वतः निर्माण करण्याची त्याची शक्ती अगदी तुटपुंजी असते. त्याच्या शरीराचे तापमान साडेछत्तीस अंशांच्या खाली घसरू लागले की ते दूध ओढीत नाही. दूध गेले नाही की रक्तातील साखर उतरते, साखर उतरली की ते निपचित पडते, श्वास मंदावतो आणि थंडावा आणखी वाढतो. ही साखळी एकदा सुरू झाली की ती तोडण्यासाठी लागणारा वेळ तासांत मोजावा लागत नाही, मिनिटांत मोजावा लागतो. अशा बाळाला फडक्यात गुंडाळून, आजीच्या मांडीवर ठेवून, खिडकीची काच नीट न लागणाऱ्या वाहनातून तासभर नेले, तर ते दक्षता कक्षात पोचते तेव्हा निम्मी लढाई हरलेले असते. मग त्याला काचेच्या पेटीत ठेवतात. दोन दिवसांनी ते गेले तर कारण म्हणून कमी वजन किंवा जंतुसंसर्ग लिहिले जाते. प्रवास हे कारण कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही.

पाठविणे या क्रियेचा अर्थच आपल्याकडे बिघडला आहे. बाळ रेफर केले, असे आज कोणताही ग्रामस्थ सहज बोलतो. त्याच्या मनातील अर्थ, इथल्या डॉक्टरांनी हात वर केले, असा असतो. दुर्दैवाने तो पुष्कळदा खराही असतो. चिठ्ठीवर ‘पुढील उपचारार्थ’ असे दोन शब्द लिहून आणि खाली सही करून जबाबदारी संपते. बाळ केव्हा जन्मले, लगेच रडले का, दूध केव्हा दिले, कोणते औषध कोणत्या वेळी टोचले, निघताना अंग गरम होते की गार, यांपैकी काही त्या चिठ्ठीत असेलच असे नाही. पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी केलेला असेलच असेही नाही. मग भंडाऱ्यास पोचल्यावर जागा नसल्याचे कळते आणि तेच वाहन नागपूरकडे वळते. ‘मेडिकल’ला जावे, ‘मेयो’ला जावे की ‘डागा’ला, याचा निर्णय अपुऱ्या झोपेतला बाप किंवा वाहनचालक घेतो. भंडारा ते नागपूर अंतर साठ किलोमीटरच्या आसपास आहे. सुदृढ माणसाला ते काहीच नाही. दीड किलोच्या जिवाला ते फार आहे.

आणि या प्रवासात आई बहुधा नसते. बाळंतपण नुकतेच झालेले, टाके घातलेले, म्हणून ती पहिल्याच रुग्णालयात राहते आणि बाळ एखाद्या नातेवाइकाबरोबर पुढे जाते. ही व्यवस्था दयाबुद्धीने केलेली असते, परंतु तिच्यामुळे बाळ एकाच वेळी आपले अन्न आणि आपली ऊब अशा दोन्ही गोष्टींना मुकते. आईचे अंग ही जगातील सर्वांत स्वस्त आणि वीज गेल्यावरही बंद न पडणारी उबदार शय्या आहे. १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्यांच्या तुटवड्यापायी डॉक्टरांनी अशक्त बाळे आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवावयास प्रारंभ केला. पुष्कळ वर्षे ती गरिबांची तडजोड मानली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत व आफ्रिकेतील पाच देशांत जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. एक किलो ते अठराशे ग्रॅमपर्यंतची तीन हजारांहून अधिक बाळे त्यात होती. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच, दक्षता कक्षातच, जी बाळे आईच्या छातीशी ठेवली, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शंभरात बारा राहिले. नेहमीच्या पद्धतीने पेटीत ठेवलेल्या बाळांत ते पंधराहून अधिक होते. म्हणजे चौथा हिस्सा मृत्यू टळले. एवढा लाभ देणारे एखादे यंत्र निघाले असते, तर त्याच्या खरेदीसाठी निविदांची रांग लागली असती. येथे खरेदी करण्यासारखे काही नाही. कदाचित म्हणूनच प्रसार संथ आहे.

भंडारा जिल्ह्यावर त्या काळात एकामागून एक जी संकटे आली, ती या कमकुवत साखळीच्या संदर्भातच पाहिली पाहिजेत. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील अतिवृष्टीने वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, नदीकाठची गावे वेढली गेली, रस्ते बंद झाले. आरोग्ययंत्रणा त्याच सुमारास कोरोनाच्या साथीत गुंतलेली होती. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता पाण्याखाली असताना त्या गावांतील बाळंतपणे काही थांबत नाहीत. उलट भीती, उपासमार आणि धावपळ यांमुळे दिवस भरण्याआधीच कळा येण्याचा संभव वाढतो. पुरात धान्याची पाकिटे, ताडपत्री, पिण्याचे पाणी आणि साप चावल्यावरची लस यांची आठवण यंत्रणेला होते. गरोदर स्त्रियांची यादी घेऊन, ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्यांना पाणी चढण्यापूर्वीच उंचावरच्या रुग्णालयाजवळ आणून ठेवणे, हे काम मात्र एखाद्या तळमळीच्या अधिकाऱ्यावर किंवा आशेवर अवलंबून राहते. वैनगंगेचा पूर अचानक येत नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटल्याची वार्ता पाणी पोचण्याच्या आधी पोचते. तेवढे तास बाळंतिणींसाठी वापरता येतात.

‘मानवी आपत्ती’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दूरचे देश येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझातील अल-शिफा रुग्णालयाचे इंधन संपले, वीज गेली, पेट्या बंद पडल्या आणि अकाली जन्मलेली बाळे एका पलंगावर ओळीने ठेवल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. १९ नोव्हेंबरला त्यांतील एकतीस बाळे रुग्णवाहिकांतून दक्षिणेकडे हलविण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस बाळे इजिप्तमध्ये पोचली. तत्पूर्वी काही दगावली होती. युद्धाने जे तेथे केले ते येथे एका ठिणगीने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या यातनांची तुलना करणे उचितही नाही. तथापि रुग्णालयाच्या व्यवस्थापनापुढे उभा राहणारा प्रश्न दोन्हीकडे तोच होता. एकाच कक्षात ठेवलेली, स्वतःहून हलू न शकणारी, यंत्रांना जोडलेली एवढी बाळे, कक्ष निकामी झाल्यावर किती वेळात, कोणाच्या हातांनी आणि कोठे न्यावयाची? २०१८ साली युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांनी आपत्तीच्या प्रदेशांसाठी नवजात बाळांच्या संगोपनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत भर आहे तो ऊब, आईचे दूध, स्वच्छता, जंतुसंसर्गावरील तत्काळ उपचार आणि आधी ठरविलेला पाठवणीचा मार्ग यांवर. महागड्या यंत्रांवर तिची भिस्त नाही. भंडाऱ्याच्या कोणत्याही परिचारिकेला यांत नवे वाटण्यासारखे काही नाही. तिच्यापाशी नसते ते इतकेच: हे सर्व करावयास पुरेसे हात.

हातांचा हा मुद्दा चौकशीनंतरच्या कारवाईत सर्वाधिक झाकला गेला. आगीचा उगम एका रेडियंट वॉर्मरमध्ये झाला, असा निष्कर्ष समितीने काढला. दक्षता कक्ष हे स्वभावतःच ज्वालाग्राही ठिकाण असते. दिवसाचे चोवीस तास चालणारी वातानुकूलित यंत्रे, प्रत्येक पाळण्यामागे दोन-तीन विजेची उपकरणे, नळीतून झिरपणाऱ्या प्राणवायूने भारलेली हवा, प्लॅस्टिक व फोमच्या गाद्या आणि संसर्गाच्या भीतीने बंद केलेल्या खिडक्या, असा हा संयोग आहे. येथे ठिणगी केव्हातरी पडणार, हे गृहीत धरूनच माणसांची आणि वाटांची आखणी करावी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दर तीन ते चार पाळण्यांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका हवी. म्हणजे सतरा बाळांना पाच ते सहा. आग लागल्यावर एक परिचारिका एका फेरीत दोन बाळे उचलू शकते, फार तर तीन. हा हिशेब कोणत्याही शाळेतील मुलास करता येईल. ज्या रात्रपाळीत हात कमी, तेथे कर्तव्यच्युतीचा ठपका हातांवर ठेवणे सोपे असते. पदे न भरणाऱ्या फाइलीवर गुन्हा नोंदविण्याची तरतूद दंडसंहितेत नाही. ज्यांनी कसूर केली असेल त्यांना शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण शिक्षेने प्रकरण मिटते, ही समजूत पुढच्याच काही महिन्यांनी खोटी ठरली.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागास आग लागून अकरा रुग्ण गेले. दोन दिवसांनी भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून चार बाळे गेली. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तेच, आणि त्या रात्री पुन्हा दहा बाळे. प्रत्येक वेळी अग्निसुरक्षेची राज्यव्यापी तपासणी जाहीर होते. महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळ्या जाहीरनाम्याची गरजच नव्हती. २००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावाच लागतो. भंडाऱ्याची दुर्घटना जानेवारीत घडली, हा काळाचा एक कडवट विनोद म्हणावा लागेल.

दुर्घटना न घडताही बाळे जातात, हे नांदेडने दाखविले. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन तारखांच्या चोवीस तासांत तेथील शासकीय रुग्णालयात चोवीस मृत्यू झाले. त्यांतील बारा नवजात बाळांचे होते. बाळे बाहेरून, अखेरच्या क्षणी, अत्यवस्थ होऊन आली, असा खुलासा रुग्णालयाने केला. एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले, छायाचित्रेही निघाली. त्या खुलाशातील ‘बाहेरून’ या शब्दाकडे मात्र कोणी थांबून पाहिले नाही. बाहेरून म्हणजे कोठून? कोणत्या तालुक्यातून, किती तासांनी, कोणत्या वाहनातून, कोणाच्या चिठ्ठीने? खुलासा खरा असेल, तर त्याने दोष संपत नाही, तो फक्त रस्त्याने मागे सरकतो. आणि मागे जाऊन पाहणारा तेथे कोणी नसतो.

महाराष्ट्राचे या क्षेत्रातील काम लहान नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्यात हजार जिवंत जन्मांमागे सोळा बालके वर्षाच्या आत दगावत होती. देशातील अनेक राज्यांच्या तुलनेत हा आकडा कितीतरी कमी आहे. परंतु त्या सोळांपैकी अकरा मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले होते. अतिसार, गोवर, कुपोषण यांवर जसजशी मात होते, तसतसा उरलेला मृत्यू पहिल्या महिन्यात आणि त्यातही पहिल्या आठवड्यात गोळा होतो. पुढची मजल गाठावयाची ती याच दिवसांत. दक्षता कक्षांनी हजारो बाळे वाचविली आहेत आणि आगीच्या बातम्या वाचून कोणी आपले अशक्त बाळ रुग्णालयाऐवजी घरी ठेवू लागला, तर त्याहून मोठा अनर्थ नाही. प्रश्न कक्ष हवेत की नकोत, हा नाही. कक्षावरचा भार कमी कसा व्हावा आणि त्याच्या दारात येणारे बाळ तगण्याच्या स्थितीत कसे यावे, हा आहे.

याचे एक उत्तर भंडाऱ्याच्या जवळच, गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात तेथील एकोणचाळीस गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकविली. वजन घेणे, ऊब राखणे, स्तनपान जमवून देणे, श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, एवढे त्या करू लागल्या. नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आशांच्या गृहभेटींची राष्ट्रीय योजना पुढे त्याच धड्यावर उभी राहिली. आपत्तीच्या दृष्टीने या कामाचे मोल वेगळेच आहे. पूर आला, रस्ता तुटला, रुग्णवाहिका अडकली, तरी गावातली ती स्त्री गावातच असते. संदर्भसेवेची पहिली कडी तीच आहे. तिच्याकडील वजनकाटा चालतो का, तापमापीत घट जमा आहे का, तिचे मानधन वेळेवर मिळते का, हे प्रश्न म्हणूनच दक्षता कक्षाच्या प्राणवायूइतके महत्त्वाचे आहेत.

दुसरे उत्तर कक्षाच्या दारातच आहे. आपल्याकडील बहुतेक कक्षांत आईला दूध पाजण्यापुरते आत घेतात. एरवी ती बाहेरच्या व्हरांड्यात किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात असते. पाळण्याशेजारी आईचा पलंग असेल, असे कक्ष उभारण्याची शिफारस आता जागतिक आरोग्य संघटनाही करते. यावर एक आक्षेप येतो आणि तो थट्टेने उडविण्यासारखा नाही. आई आत असती, तर आगीत तीही सापडली असती. सापडली असतीही. परंतु रात्री दीड वाजता पहिला धूर दिसला असता तो तिलाच, आणि छातीशी बांधलेले बाळ उठून दारापर्यंत जाण्यास तिला कोणाची वाट पाहावी लागली नसती. दहा बाळांना दहा आया म्हणजे वीस हात. शिवाय संसर्गाची भीती दाखवून आईला बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेला वरील अभ्यासाने उत्तर दिलेलेच आहे. जागेची अडचण खरी आहे. जुन्या इमारतीत पलंग मावत नाहीत. पण नव्या इमारतींचे नकाशे आजही जुन्याच हिशेबाने निघत असतील, तर ती जागेची अडचण नव्हे.

भंडाऱ्यापुरते बोलावयाचे तर काळ अनुकूल आहे. २०२४ साली राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत भंडारा आहे. महाविद्यालय आले की बालरोगाचे अध्यापक, निवासी डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका यांची पदे येतात. ती भरली गेली, तर नागपूरकडे वळणाऱ्या वाहनांची संख्या घटेल. पदे कागदावर राहिली, तर फलक तेवढा बदलेल. दरम्यान जिल्ह्याला संकटांची उसंत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. एकाच दिवशी अनेक जखमी दारात आले की रुग्णालयाचे लक्ष, रक्त, रुग्णवाहिका सारे तिकडे वळते, आणि ते स्वाभाविकच असते. त्याच तासाला लाखांदूरहून निघालेल्या बाळाची रुग्णवाहिका कोणती, हे आधी ठरलेले नसेल, तर त्या क्षणी ठरत नाही.

कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेचा दाखला देण्याचा महिना वर्षातून दोनदा येतोच. त्याच वेळी जिल्ह्याच्या संदर्भसेवेचाही जमाखर्च मांडता येईल. सहा महिन्यांत किती बाळे कोठून पाठविली गेली. पोचली तेव्हा त्यांतील किती गार होती. किती जणांबरोबर आई होती. किती ठिकाणांहून निघण्यापूर्वी दूरध्वनी आला. बरी होऊन गेलेल्या किती बाळांच्या घरी पहिल्या आठवड्यात आशा जाऊन आली. आणि रात्रपाळीत, दिवे घालवून, कक्ष रिकामा करण्याचा सराव किती वेळा झाला. यासाठी नवा निधी लागत नाही. प्रत्येक दक्षता कक्षाच्या दाराशी भरतीची नोंदवही आज असतेच. तीत बाळ इनबॉर्न की आउटबॉर्न, याचा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी, दारात पोचल्याक्षणी बाळाचे तापमान किती होते, एवढे लिहावयाचे आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीने तो आकडा तालुकावार वाचून घ्यावयाचा.